विटाळाची स्तुती : अपिया यांच्या नीतिविचाराला काही प्रश्न

१

क्वामे अँथनी अपिया यांचा ‘द केस फॉर कन्टॅमिनेशन’ हा लेख ‘न्यू यॉर्क टाइम्स’च्या रविवारच्या मासिकात जानेवारी २००६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी आलेल्या ‘कॉस्मोपॉलिटनिझम’ या पुस्तकात तोच विचार त्यांनी विस्ताराने मांडला. कोणतीही संस्कृती शुद्ध नसते. ती शुद्ध राहावी हा आग्रह इतिहासाला धरून नाही आणि माणुसकीलाही धरून नाही. संस्कृतींनी एकमेकींत मिसळावे, एकमेकींचे रूप बिघडवावे, त्यातच त्यांचे चैतन्य आहे, असे या विचाराचे सार आहे. आता शीर्षकातील त्या शब्दाला मराठीत काय म्हणावे? ‘मिश्रण’ म्हटले तर शब्दाची धार जाते. ‘संकर’ म्हटले तर वर्णसंकराच्या भयाने व्याकूळ झालेला अर्जुन आठवतो. ‘भेसळ’ म्हटले तर दुधात पाणी घालणारा गवळी डोळ्यांपुढे उभा राहतो. मूळ शब्दातील अस्वच्छता, स्पर्शदोष आणि धास्ती हे तिन्ही अर्थ ज्यात एकवटले आहेत असा मराठी शब्द एकच आहे, आणि तो म्हणजे ‘विटाळ’. अपिया यांनी विटाळाची स्तुती केली आहे, असे मराठीत म्हणणे भाग आहे.

हे वाक्य लिहिताना मराठी लेखकाचा हात क्षणभर अडखळतो. तो का अडखळतो, याचा शोध घेण्यासाठी प्रस्तुत लेख लिहिला आहे. अपिया यांनी वंशकल्पनेचे केलेले खंडन बिनतोड आहे, हे मला मान्य आहे. परंतु त्या खंडनाच्या पायावर त्यांनी जी नीती उभारली ती, ज्याला निवड करता येते अशा माणसाची नीती आहे. ज्याच्यावर निवड लादली जाते त्याच्याविषयी तिला सहानुभूती आहे. मात्र त्याच्या जागेवर उभे राहून ती विचार करीत नाही. हा भेद क्षुल्लक नाही. आपल्याकडे अस्मितांच्या कलहाला कंटाळलेला एक सुशिक्षित वर्ग आहे. जात, भाषा, प्रांत या साऱ्या कल्पितकथा आहेत, तेव्हा आता त्या विसरून सर्वांनी विश्वनागरिक व्हावे, असे सांगण्यासाठी त्याला एका कृष्णवर्णीय तत्त्वचिंतकाचे नाव हाताशी असणे फार सोयीचे वाटते. अपिया यांनी स्वतः असे कुठेही म्हटलेले नाही. पण त्यांच्या विचारात अशा वापराला वाव राहिला आहे, आणि तो कसा राहिला हे पाहणे टीकेचे काम आहे.

२

प्रथम त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. अपिया यांचा जन्म १९५४ साली लंडनमध्ये झाला. बालपण घानातील कुमासी या अशांती लोकांच्या राजनगरात गेले. वडील जो अपिया हे वकील आणि राजकारणी. एके काळी एन्क्रुमा यांचे सहकारी आणि पुढे १९६१ साली त्यांच्याच सरकारने तुरुंगात टाकलेले विरोधक. आई पेगी ही स्टॅफर्ड क्रिप्स यांची मुलगी. १९४२ साली योजना घेऊन दिल्लीला आलेले आणि रिकाम्या हातांनी परतलेले ते हेच क्रिप्स. १९५३ साली लंडनमध्ये झालेले हे लग्न वृत्तपत्रांनी गाजवले. त्या वेळी अमेरिकेतील अनेक राज्यांत असा विवाह हा गुन्हा होता, आणि १९६७ साली लव्हिंग खटल्याचा निकाल लागेपर्यंत काही राज्यांत तो गुन्हाच राहिला. विटाळाचा प्रश्न अपिया यांना केवळ ग्रंथांतून कळलेला नाही. त्यांचा जन्मच त्या प्रश्नाचे एक उत्तर होते.

केंब्रिजमध्ये तत्त्वज्ञानाचे शिक्षण घेऊन त्यांनी अमेरिकेत अध्यापन केले. प्रिन्स्टननंतर २०१४ पासून ते न्यू यॉर्क विद्यापीठात आले. २०१५ पासून एका मोठ्या दैनिकाच्या मासिकात ते सामान्य वाचकांच्या नैतिक पेचांना उत्तरे देऊ लागले. २०१६ साली बीबीसीची रीथ व्याख्याने त्यांनी दिली. २०१८ साली बुकर पारितोषिकाच्या निवडसमितीचे ते अध्यक्ष होते. तर्कशास्त्र आणि भाषेचे तत्त्वज्ञान यांत मुरलेला विचारवंत लोकांच्या भाषेत लोकांशी बोलतो, ही गोष्ट आपल्या विद्यापीठीय जगाने मत्सर करावा अशीच आहे.

त्यांच्या विचाराचा पाया ‘इन माय फादर्स हाउस’ (१९९२) या ग्रंथात आहे, आणि त्या ग्रंथातील कळीचे प्रकरण म्हणजे १९८५ साली ‘क्रिटिकल इन्क्वायरी’च्या वंशविषयक विशेषांकात आलेला ड्यू बॉइस यांच्यावरील निबंध. ड्यू बॉइस यांनी १८९७ साली अमेरिकन निग्रो अकादमीपुढे वाचलेल्या निबंधात वंशाची जीवशास्त्रीय व्याख्या बाजूला सारून सामाजिक-ऐतिहासिक व्याख्या मांडण्याचा यत्न केला होता. समान इतिहास, समान परंपरा, समान प्रेरणा असलेला विशाल परिवार म्हणजे वंश, असे त्यांचे म्हणणे. अपिया यांनी या व्याख्येतील चक्रापत्ती उघडी केली. एखाद्या व्यक्तीचा इतिहास अमुक समूहाच्या इतिहासाशी समान आहे असे म्हणण्यासाठी ती व्यक्ती त्या समूहाची आहे हे आधीच ठाऊक असावे लागते. मग समूह ठरवण्याची कसोटी म्हणून इतिहास कसा वापरता येईल? कसोटी दुसरीच कुठली तरी असली पाहिजे. आणि पडदा दूर केला की तिथे पुन्हा रक्तच बसलेले दिसते. जीवशास्त्र दारातून बाहेर घालवले, ते खिडकीतून परत आले.

या युक्तिवादाला उत्तर नाही. वंशभेद वास्तवात असतात ही समजूत. त्या भेदांना नैतिक गुणदोष चिकटवणारा वंशवाद. आणि गुणदोषांचा हिशेबही न मांडता केवळ ‘आपला’ म्हणून आपल्याला जवळ करणारा आंतरिक वंशवाद, हे अपिया यांनी केलेले तीन भेदही मोलाचे आहेत. अलेक्झांडर क्रमेलसारख्या अखिल-आफ्रिकावादाच्या आद्य प्रवक्त्याच्या विचारातही यांपैकी तिसरा दोष कसा मुरला होता, हे दाखवताना त्यांनी आपल्या माणसांची भीड धरली नाही. वंशाच्या नावाने अभिमान बाळगणाऱ्या कोणत्याही समाजाला हे धडे आजही कडू लागतील, आणि ते घेतलेच पाहिजेत.

३

परंतु त्याच निबंधात एक जागा अशी आहे की, जिथे अपिया यांचा तर्क जिंकतो आणि त्यांची दृष्टी हरते. ‘डस्क ऑफ डॉन’ (१९४०) या आत्मपर ग्रंथात ड्यू बॉइस यांनी पुन्हा स्वतःला विचारले होते की, आफ्रिकेशी माझे नाते कशाचे? या वेळी त्यांनी रक्ताचा दुवा गौण ठरवला. गुलामगिरीचा, भेदभावाचा आणि अपमानाचा समान वारसा हे नात्याचे खरे सूत्र, असे त्यांनी म्हटले. आणि ते सूत्र आफ्रिकेच्या लेकरांपाशी न थांबता आशियातून दक्षिण समुद्राच्या बेटांपर्यंत जाते, असेही पुढे जोडले. अपिया येथे त्यांना अडवतात. जी गोष्ट साऱ्या गौरेतर जगाशी समान आहे, ती ड्यू बॉइस यांना त्या जगाच्या एका भागाशीच, म्हणजे आफ्रिकेशी, विशेषत्वाने कशी बांधू शकेल? म्हणजे ही व्याख्याही फसली, वंशाचे गूढ सुटले नाही आणि ड्यू बॉइस यांचा युक्तिवाद अपुराच राहिला.

वंशाची व्याख्या करणे हाच हेतू असेल तर हा आक्षेप रास्त आहे. पण १९४० सालचे ड्यू बॉइस व्याख्या करीत होते की काही वेगळेच करीत होते? या प्रश्नाचे उत्तर मराठी वाचकाच्या अगदी शेजारी आहे. जुलै १९४६ च्या सुमारास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतील नॅशनल निग्रो काँग्रेसने संयुक्त राष्ट्रसंघाकडे दाद मागितल्याचे त्यांना कळले होते. अस्पृश्यांच्या वतीने तसेच काही करावे असा विचार त्यांच्या मनात होता, म्हणून त्या निवेदनाच्या प्रती त्यांनी मागितल्या. अस्पृश्य आणि निग्रो यांच्या स्थितीतील साम्याचाही त्यांनी उल्लेख केला. ३१ जुलै १९४६ च्या उत्तरात ड्यू बॉइस यांनी अस्पृश्यांच्या लढ्याविषयी सहानुभूती व्यक्त केली आणि मदतीची तयारी दाखवली. पुढच्याच वर्षी ड्यू बॉइस यांच्या संपादनाखाली कृष्णवर्णीयांचे गाऱ्हाणे संयुक्त राष्ट्रसंघापुढे सविस्तर मांडले गेले.

हे पत्र लिहिणारा माणूस वंशकल्पनेला भुललेला नव्हता. जातीचे मूळ वंशभेदात आहे हे मत आंबेडकरांनी हयातभर नाकारले. ‘द अनटचेबल्स’ (१९४८) या ग्रंथात तर मानवमितीची आकडेवारी हाती घेऊन, ब्राह्मण आणि अस्पृश्य हे वेगळ्या वंशांचे आहेत या सिद्धान्ताचे त्यांनी खंडन केले. म्हणजे अपिया ज्या निष्कर्षाला पुढे पोचले त्या निष्कर्षाला आंबेडकर आपल्या वाटेने कधीच पोचले होते. तरीही त्यांनी ड्यू बॉइस यांना आपले मानले. तेही एकटे नव्हते. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती निग्रोंना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना. हे नाते रक्ताचे नव्हते, समान इतिहासाचेही नव्हते. ज्याने आपल्याला शिक्का मारला त्याच्याविरुद्ध आपल्यासारखीच फिर्याद घेऊन उभा असलेला दुसरा माणूस ओळखणे, एवढेच ते नाते होते.

अपिया यांना जी तर्कातील फट वाटली ती इतिहासात दार ठरली, आणि त्या दारातून माणसे ये-जा करीत होती. अपमानाचे सूत्र आफ्रिकेपुरते थांबत नाही, हा त्या सूत्राचा दोष अपिया यांना दिसतो; कारण त्यांच्यापुढचा प्रश्न ‘मी कोण?’ हा आहे. ड्यू बॉइस आणि आंबेडकर यांच्यापुढचा प्रश्न ‘आम्हाला असे कोणी केले, आणि त्याच्याविरुद्ध आमच्या बाजूला कोण आहे?’ हा होता. पहिला प्रश्न व्याख्या मागतो, दुसरा साक्षीदार मागतो. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराला पहिल्या प्रश्नाच्या परीक्षेत नापास करणे हा तत्त्वज्ञानाचा जुना दोष आहे. अपिया नंतर ड्यू बॉइस यांच्याकडे अधिक ममत्वाने वळले, हे नोंदवले पाहिजे. ‘लाइन्स ऑफ डिसेंट’ (२०१४) या छोट्या ग्रंथात त्यांनी ड्यू बॉइस यांच्या बर्लिनमधील शिक्षणापासून त्यांच्या विचाराची घडण फार सुंदर उलगडली आहे. परंतु तिथेही कुतूहलाचा विषय ‘अस्मिता म्हणजे काय’ हाच राहिला आहे.

४

याच वळणावरून बहुसंस्कृतिवादाविषयीची त्यांची भूमिका समजून घेता येते. चार्ल्स टेलर यांनी १९९२ साली मांडलेल्या ‘मान्यतेच्या राजकारणा’वर अपिया यांनी १९९४ साली जे भाष्य केले ते त्या वादातील सर्वांत समंजस भाष्य मानावे लागेल. क्वेबेकसारख्या समाजाला आपली संस्कृती पुढच्या पिढ्यांतही टिकून राहावी असे वाटते, आणि टेलर यांना ही इच्छा न्याय्य वाटते. अपिया विचारतात, उद्या जन्मणाऱ्या मुलांचे आयुष्य आज ठरवून टाकण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? तसेच, प्रत्येक सामूहिक अस्मितेबरोबर जगण्याची एक संहिता येते. काळा माणूस म्हणून सन्मान मागितला की ‘खरा’ काळा माणूस कसा असतो याचे नियम तयार होतात, आणि एका जुलमाच्या जागी दुसरा जुलूम येऊन बसतो.

यात तथ्य नाही असे कोण म्हणेल? मराठी टीकेने दलित लेखकाकडून नेमकी अशीच एक संहिता अनेक वर्षे मागितली आहे. त्याने वेदना सांगावी, विद्रोह करावा, भाषा रांगडी ठेवावी. त्याने प्रेमकविता लिहिली किंवा रूपाचे प्रयोग केले की आमचे समीक्षक अस्वस्थ होतात. अपिया यांचा इशारा आम्हाला हवाच आहे.

मात्र संहिता दोन प्रकारच्या असतात आणि अपिया यांची नीती त्या दोहोंना एकाच तागडीत घालते. एक संहिता समूह आपल्या माणसांना देतो. ती जाचक असली तरी तिच्याशी भांडता येते, ती फेटाळून बाहेर पडता येते, आणि अनेक लेखक तसे बाहेर पडलेही आहेत. दुसरी संहिता समूहाबाहेरचा माणूस लिहितो. खोली भाड्याने देण्यापूर्वी घरमालक आडनाव विचारतो, तेव्हा ती संहिता वाचली जात असते. बाबूराव बागुलांच्या १९६३ सालच्या कथासंग्रहाच्या शीर्षकामुळे ‘जात चोरणे’ हा शब्दप्रयोग आपल्या साहित्यव्यवहारात रुजला. जात कोणी चोरतो म्हणजे काय करतो? दुसऱ्या संहितेतून निसटण्याची जी एकमेव वाट उपलब्ध आहे ती तो धरतो; आणि ती चोरी ठरते, पकडला गेला तर शिक्षेला पात्र होते. वर्णरेषेपलीकडे गुपचूप निघून गेलेल्या अमेरिकेतील फिकट कातडीच्या निग्रोंचीही हीच कथा आहे. पहिल्या संहितेच्या जाचाविरुद्ध स्वायत्ततेची भाषा पुरेशी आहे. दुसऱ्या संहितेपुढे ती मुकी होते, कारण तिथे प्रश्न ‘मी कसे जगावे’ हा नसून ‘मला कोण जगू देत नाही’ हा असतो.

एमी गटमन यांच्यासह लिहिलेल्या ‘कलर कॉन्शस’ (१९९६) या पुस्तकात अपिया यांनी हा भेद ओळखला आहे. शिक्का बाहेरून लागतो आणि मग माणूस तो आपल्या आत घेतो, ही प्रक्रिया त्यांनी नीट वर्णिली आहे. पण वर्णन एकीकडे राहते आणि उपदेश दुसरीकडे जातो. उपदेशाचा रोख पुन्हा शिक्का लागलेल्या माणसाकडेच असतो: तू या अस्मितेत फार गुंतू नकोस, ती हलक्या हाताने धर. जो शिक्का मारतो त्याला हलक्या हाताने मारण्याचा उपदेश कोणी करीत नाही. त्याला तर हात आवरायला सांगायचे असते. ते काम कायद्यावर आणि राजकारणावर सोपवून नीतिशास्त्र मोकळे होते.

५

हा मुद्दा साहित्यकृतीच्या आधारे अधिक स्पष्ट होईल, आणि उदाहरण अपिया यांनीच पुरवले आहे. ‘द एथिक्स ऑफ आयडेंटिटी’ (२००५) या त्यांच्या प्रमुख नीतिग्रंथाच्या आरंभी, मिलच्या व्यक्तित्वविचाराची चर्चा करताना, ते काझुओ इशिगुरो यांच्या ‘द रिमेन्स ऑफ द डे’ (१९८९) या कादंबरीतील स्टीव्हन्स या बटलरकडे वळतात. स्टीव्हन्सने आपले आयुष्य धन्याच्या सेवेला वाहिले आहे. आपल्याला असे दास्य नकोसे वाटेल. तरीही ते त्याने घडवलेले आयुष्य आहे, त्याला स्वतःचे ध्येय आहे, आणि त्याच्या यशापयशाची मोजपट्टी त्या ध्येयातूनच आली पाहिजे, असा अपिया यांच्या विवेचनाचा रोख आहे.

कादंबरी मात्र हे सारे स्टीव्हन्सच्या तोंडून सांगते, आणि त्याच्या सांगण्यावर विसंबता येत नाही, हाच तिच्या रचनेचा प्राण आहे. वडील वरच्या मजल्यावर मरणपंथाला लागलेले असताना तो खाली पाहुण्यांना मद्य देत राहतो आणि त्याला प्रतिष्ठा म्हणतो. शब्द एक सांगतात, शब्दांमधली फट दुसरे सांगते. अपिया यांना निवेदकाचे आयुष्य मूल्यमापनासाठी हवे आहे. पण ते आयुष्य उपरोधातून वेगळे काढता येत नाही. उपरोध वजा केला की हाती उरतो तो स्टीव्हन्सचा स्वतःविषयीचा दाखला.

त्याहून महत्त्वाचा एक प्रसंग आहे. धनी लॉर्ड डार्लिंग्टन नाझींविषयी सहानुभूती बाळगणाऱ्यांच्या प्रभावाखाली येतात आणि घरातील दोन ज्यू मोलकरणींना काढून टाकण्याचा हुकूम देतात. मिस केंटन विरोध करते. स्टीव्हन्स हुकूम अमलात आणतो. त्या दोन मुलींनीही काही आयुष्य आखले असेल. ते त्यांच्या धर्मावरून आणि वंशावरून एका सकाळी संपवण्यात आले, आणि ते संपवणारा हात हाच तो स्वतःचे आयुष्य घडवणारा हात होता. वंश आणि नीती यांविषयी लिहिणाऱ्याने या कादंबरीत प्रथम कोणाकडे पाहावे? अपिया यांच्या विवेचनाचा भार स्टीव्हन्सच्या आत्मघडणीवर आहे. माझी नजर त्या मुलींकडे जाते, आणि हा स्वभावभेद नाही. दृष्टी कोठे ठेवायची याविषयीचा तो वाद आहे. ज्या समाजात सेवा हे शेकडो वर्षे माणसाच्या जन्माआधीच ठरलेले काम होते, त्या समाजातील वाचकाला ‘स्वेच्छेने पत्करलेल्या दास्याची आयुष्ययोजना’ ही संज्ञा वाचताना पहिली शंका ‘स्वेच्छा’ या शब्दाचीच येते.

६

आता पुन्हा विटाळाकडे येऊ. अपिया यांनी आपल्या स्तुतीचा आदर्श म्हणून टेरेन्स हा रोमन नाटककार निवडला आहे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून रोमला आलेला हा लेखक दोन-दोन ग्रीक नाटके मिसळून नवे लॅटिन नाटक रचीत असे. त्याच्या प्रतिस्पर्ध्यांनी त्याच्यावर नाटके ‘विटाळल्या’चा आरोप केला, आणि त्याने आपल्या नाट्यारंभीच्या निवेदनांत त्याला ठणकावून उत्तर दिले. म्हणजे हा शब्द मुळातच आरोप आहे. आरोप झालेल्याने तो शिरोभूषण म्हणून मिरवला, यात मौज आहे आणि शौर्यही आहे. पण टेरेन्सला मिसळण्याचा अधिकार मिळाला तो त्याच्या धन्याने त्याला आधी मुक्त केल्यावर. ही पायरी अपिया यांच्या स्तुतीत फार लवकर ओलांडली जाते.

विटाळाचा एक धर्म असा आहे की तो एकाच दिशेने वाहतो. न्यू ऑर्लिन्सचा होमर प्लेसी सात-अष्टमांश गोरा होता; १८९२ साली तो गोऱ्यांच्या डब्यात बसला म्हणून त्याला अटक झाली, आणि १८९६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने डबे वेगळे ठेवण्यात घटनाभंग नाही असा निर्वाळा दिला. काळ्या रक्ताचा एक थेंब सात-अष्टमांश गोरेपणाला बाटवू शकतो. गोरेपणाचे सात भाग मिळूनही त्या एका थेंबाला शुद्ध करू शकत नाहीत. महाडला २० मार्च १९२७ रोजी अस्पृश्यांनी चवदार तळ्याचे पाणी प्याले, तेव्हा सवर्णांनी तळे ‘शुद्ध’ करून घेतले. त्या तळ्यावर जनावरे पाणी पीत होती आणि त्यांच्यामुळे तळे बाटत नव्हते. दोन्हीकडे मिश्रण झालेच होते: रक्ताचे तिकडे, पाण्याचे इकडे. मिश्रण झाल्यानेच विटाळाची कल्पना मोडली असती तर अमेरिकेच्या दक्षिणेत वर्णभेद राहिलाच नसता, कारण तिथल्या मळ्यांवर मालकांनी गुलाम स्त्रियांवर लादलेले मिश्रण पिढ्यान्‌पिढ्या चालू होते. मिश्रण आणि शुद्धीचा अहंकार हे एकाच छपराखाली सुखाने नांदू शकतात. हे अपिया यांच्या स्तुतीत कुठेच ऐकू येत नाही.

याचे कारण त्यांचा प्रतिपक्ष वेगळा आहे. युनेस्कोच्या २००५ सालच्या सांस्कृतिक विविधतेविषयीच्या करारासारखे प्रयत्न, आफ्रिकेच्या खेड्यांत परदेशी मालिका पोचल्याचे दुःख करणारे पाश्चात्त्य हितचिंतक, संस्कृतींना संग्रहालयातील वस्तू समजणारे संरक्षक, यांच्याशी त्यांचा वाद आहे, आणि त्या वादात ते बरोबर आहेत. ‘इन माय फादर्स हाउस’मध्ये त्यांनी आफ्रिकी साहित्यातील देशीवादाची केलेली चिकित्साही याच जातीची आहे. अस्सल आफ्रिकी साहित्याचा आग्रह धरणारे समीक्षक मुळात युरोपनेच पुरवलेल्या चौकटीत उलटे उभे राहतात, हे त्यांचे निरीक्षण आपल्याकडील देशीवादाच्या भोक्त्यांनीही मनावर घ्यावे. पण संस्कृतीच्या शुद्धतेशी लढताना वापरलेले शस्त्र माणसाच्या शुद्धतेशी लढायला पुरत नाही. पहिली लढाई मिसळून जिंकता येते. दुसरी, मिसळण्याचा हक्क कोणी कोणाला नाकारला, हे नाव घेऊन सांगितल्याखेरीज सुरूही होत नाही.

७

येथे एक आक्षेप संभवतो. अपिया यांनी गुलामगिरीसारख्या प्रथांच्या अंताचा विचार ‘द ऑनर कोड’ (२०१०) या ग्रंथात केलाच आहे, मग त्यांच्यावर हा ठपका का? त्या ग्रंथात द्वंद्वयुद्ध, चीनमधील पाय बांधण्याची प्रथा आणि अटलांटिकपारची गुलामगिरी यांचा अंत कसा झाला याची मार्मिक मीमांसा आहे. प्रथा अनैतिक आहे हे सर्वांना आधीपासून माहीत असते. ती संपते ती प्रतिष्ठेची कल्पना बदलल्यावर, असा त्यांचा सिद्धान्त आहे. चिनी विद्वानांना जगापुढे आपल्या देशाची लाज वाटू लागली. ब्रिटिश कामगारांना श्रमाचा अवमान म्हणजे आपला अवमान वाटू लागला. हे खरे आहे आणि उद्बोधकही आहे. पण या कथांतील बदलाचे कर्ते बहुधा तेच आहेत, ज्यांच्यापाशी गमावण्याजोगी काही प्रतिष्ठा आधीच होती. १७९१ साली हैतीत गुलामांनी स्वतः उठाव करून १८०४ पर्यंत आपले राष्ट्र उभे केले, तेव्हा त्यांनी कोणाला लाज वाटण्याची वाट पाहिली नव्हती. महाडलाही पाहिली नव्हती.

अपिया यांच्या लेखनात या टीकेचे उत्तर नाही असे मात्र मला म्हणायचे नाही. ते त्यांनी नंतर मागे ठेवले एवढेच. ‘इन माय फादर्स हाउस’चा उपसंहार पुन्हा वाचावा. १९९० साली वडील वारले. अंत्यविधीचा अधिकार पत्नी-मुलांचा, असे वडिलांनी लिहून ठेवले होते. अशांतींच्या मातृवंशीय रीतीप्रमाणे तो वडिलांच्या आईकडील कुळाचा होता. त्या कुळात मुलांना जागाच नाही. अशांती राजाची पत्नी असलेली आत्या विरुद्ध बाजूला उभी होती. कुमासीच्या त्या दिवसांत कोणाचे नाते खरे हे ग्रंथातून ठरणार नव्हते, आणि कोणाच्या निवडीने तर मुळीच ठरणार नव्हते. ते भांडून, धमक्या ऐकून, बाजू घेऊन ठरवावे लागले. त्या पानांवरचे अपिया निवड करणाऱ्याच्या खुर्चीत बसलेले नाहीत. त्यांनाच कोणीतरी ‘तुम्ही आमचे नाही’ असे सांगत आहे. या अनुभवातून एक वेगळी नीती निघू शकली असती. तिने माणसाला अस्मिता कशी धरावी हे शिकवण्याआधी, ती त्याला कोणी दिली आणि कोणी हिरावली हे विचारले असते.

उद्या कोणी अपिया यांचा तो लेख मराठीत आणला, तर अनुवादकाने ‘मिश्रण’ किंवा ‘सरमिसळ’ असे गुळगुळीत शब्द वापरू नयेत, अशी माझी विनंती राहील. त्याने ‘विटाळ’ हाच शब्द ठेवावा, आणि वाचकाला ठेच लागू द्यावी. ज्याने कधी विटाळ मानला त्याने ती स्तुती वाचून आपली शुद्धी सोडावी. तेवढे झाले तरी लेखाचे मराठीत येणे सार्थकी लागेल. ज्याच्यामुळे विटाळ होतो असे मानले गेले, त्याला मात्र ही स्तुती ऐकवण्याचे काही कारण नाही. त्याने विटाळ कधी मानलाच नव्हता.